शिवीचे शीर्षक : दलित आत्मकथनांतील स्वनामाचा प्रश्न

ग्रंथालयाच्या खिडकीशी उभा राहून एखादा विद्यार्थी 'अक्करमाशी' आहे का, असे विचारतो, तेव्हा त्याच्या नकळत एक गोष्ट घडते. जो शब्द गावात दुसऱ्याला खाली बघायला लावण्यासाठी उच्चारला जात असे, तो शब्द त्याला एका ग्रंथाचे नाव म्हणून आदराने उच्चारावा लागतो. 'उचल्या', 'उपरा', 'बलुतं' ही पुस्तके मागतानाही कमीअधिक प्रमाणात हेच होते. शीर्षक हा ग्रंथाचा उंबरठा मानला तर या ग्रंथांच्या उंबरठ्यावरच वाचकाला अडखळावे लागते. ही अडखळण योगायोगाने आलेली नाही. दुसऱ्याने चिकटवलेले नाव स्वतःच्या हाताने उचलून कपाळावर लावण्याचा तो निर्णय आहे, आणि मराठी दलित आत्मकथनांचे वाङ्मयीन सामर्थ्य पुष्कळ अंशी या निर्णयाच्या पुढे काय घडते यावर अवलंबून आहे.

मराठी समीक्षेने या लेखनाचा विचार 'वेदना, विद्रोह आणि नकार' या त्रिसूत्रीच्या आधारे दीर्घकाळ केला. ही त्रिसूत्री उपयुक्त ठरली, पण तिच्यामुळे एक साधा प्रश्न मागे पडला. माणूस स्वतःला ज्या नावाने हाक मारतो, त्या नावातून त्याला जग कसे दिसते? नाव ही केवळ ओळखीची खूण नसते, ती उभे राहण्याची जागाही असते. जागा बदलली की दृश्य बदलते. दलित आत्मकथनांच्या शीर्षकांकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांतील प्रत्येक नाव वेगळ्या जागेवरून बोलते, हे ध्यानात येते.

या प्रश्नाला मोठी पार्श्वभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढलेल्या वृत्तपत्रांची नावे क्रमाने वाचली तरी एका समाजाच्या स्वनामाचा प्रवास डोळ्यांपुढे येतो. १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ज्यांना वाचा नाही त्यांच्यापासून आरंभ होतो, ज्यांना बाहेर काढले त्यांच्यापाशी तो येतो, आणि अखेर जे जागे झाले त्यांच्यापाशी पोचतो. 'बहिष्कृत भारत' आणि 'प्रबुद्ध भारत' या दोन नावांत 'भारत' हा शब्द तसाच राहिला आहे, बदलले आहे ते विशेषण. पहिले विशेषण दुसऱ्याने केलेल्या कृतीचे आहे, तर दुसरे स्वतः मिळवलेल्या अवस्थेचे. स्वनामाचा सारा संघर्ष या दोन विशेषणांच्या दरम्यान घडतो, असे म्हणता येईल.

हा संघर्ष राजकीय व्यासपीठांवरही झाला. गोलमेज परिषदेच्या काळात, १९३१ साली, आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी सरकारी कागदपत्रांतील 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव अवमानकारक असल्याचे सांगून ते बदलण्याची मागणी केली होती, आणि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' असे पर्याय सुचवले होते. त्यानंतर गांधीजींनी रूढ केलेले 'हरिजन' हे नाव आले. या नावामागील करुणा खरी होती, परंतु नाव देणारा हात वरचाच होता. १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कायद्याच्या भाषेत 'हरिजन' शब्द घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध करून सभात्याग केला. अपमानाचे नाव आणि कृपेचे नाव यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही नावे धारण करणाऱ्याला विचारून ठेवलेली नसतात.

'दलित' हा शब्द या पार्श्वभूमीवर वाङ्मयात स्थिरावला. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. धर्मांतराला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. १९७२ मध्ये 'दलित पँथर' उभी राहिली. तिच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्ध यांच्याबरोबर श्रमिक, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही 'दलित' या नावाखाली घेतले. 'दलित' हे भूतकालवाचक विशेषण आहे. ज्याला दळले, भरडले, तो दलित. या शब्दात जन्म नाही, कृती आहे, आणि जिथे कृती असते तिथे कर्ता कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. जातीचे नाव सांगणारा स्वतःविषयी माहिती देतो. 'दलित' म्हणवणारा दुसऱ्याविषयीही साक्ष देतो. या शब्दाचे बळ त्याच्या व्याकरणातच आहे.

परंतु नाव धारण करण्यापूर्वी नाव लपवण्याची एक अवस्था असते, आणि मराठीत तिची सर्वांत भेदक कथा बाबुराव बागुलांनी लिहिली. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शीर्षककथेचा निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी परमुलखात जातो आणि जात उघड होऊ देत नाही. त्याला राहायला जागा मिळते, मान मिळतो, त्याच्या कवित्वाचे कौतुक होते. जात उघड होताच तीच माणसे त्याला बेदम मारतात. बागुलांनी योजलेले क्रियापद विचार करायला लावणारे आहे. निवेदकाने जात 'लपवली' असे ते म्हणत नाहीत, 'चोरली' असे म्हणतात. चोरी दुसऱ्याच्या मालाची होते. स्वतःची जात चोरता येत असेल, तर ती स्वतःची नव्हेच, ती समाजाची मालमत्ता आहे आणि माणूस केवळ तिचा वाहक आहे, असा त्या क्रियापदाचा उपरोधिक अर्थ होतो. या निवेदकाला जग दिसते ते सतत दाराकडे लक्ष ठेवून. मैत्री, भोजन, स्तुती यांपैकी कशाचाही आस्वाद त्याला निर्भयपणे घेता येत नाही. नाव नसणे म्हणजे मुक्ती नव्हे, हा या कथेचा निष्कर्ष आहे. लपवलेले नाव उघड नावापेक्षा अधिक काटेकोर पहारा देते.

१९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' आले. बलुते म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. हे नाव शिवी नाही, ते एका व्यवहाराचे नाव आहे. लेखकाने स्वतःला त्या व्यवहारात मिळालेला वाटा कोणता, हे सांगण्यासाठी ते वापरले आहे, आणि त्यामुळे ग्रंथात सांगितलेले दुःख हेच जणू गावाने माप घालून दिलेले बलुते ठरते. मात्र 'बलुतं'चे खरे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो, अशी ती रचना आहे. दोघे एकच. एक जन्मनाव, दुसरे लेखकनाव. दगडू हा महारवाड्यातला आणि कावाखान्यातला, दया हा शिकलेला, कारकुनी करणारा, पांढरपेशा वस्तीत वावरणारा कवी. एकाला दुसऱ्याची लाज वाटते, आणि दुसऱ्याला पहिल्याच्या सुरक्षिततेविषयी संशय आहे. नाव बदलल्याने माणूस बदलतो काय, या प्रश्नाचे उत्तर 'बलुतं' देत नाही. ते दोन नावांना समोरासमोर बसवते आणि त्यांचे बोलणे वाचकाला ऐकू देते. हे पुस्तक आल्यावर खुद्द समाजातूनच काही वाचकांनी, विसरू पाहत असलेली जुनी घाण कशाला उकरून काढायची, असा आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपातही दयाचाच आवाज होता. म्हणजे ग्रंथातील संवाद ग्रंथाबाहेर चालू राहिला.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला (१९८०) १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातील हे कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणत गावोगाव भटकते. प्रत्येक गावात ते उपरे असते. इथवर शीर्षकाचा अर्थ सरळ आहे. पण निवेदक शिकतो, मराठा समाजातील मुलीशी विवाह करतो, आणि त्याच्याच जातीची पंचायत त्याला वाळीत टाकते. या ठिकाणी शीर्षक दुसऱ्यांदा खरे होते. पहिल्या वेळी गावाने त्याला उपरा केले होते, या वेळी आपल्याच माणसांनी केले. कथनाच्या आरंभी 'उपरा' हे एका जमातीचे विशेषण असते, शेवटाकडे ते एका व्यक्तीचे होते. म्हणूनच 'उपरा' ही केवळ कैकाड्यांच्या हालांची नोंद राहत नाही. जो कोणी दोन्ही तीरांवरून हाकलला जातो, त्याच्या दृष्टीची ती कथा होते.

'उचल्या'चे (१९८७) नाव वेगळ्या जातीचे आहे. तो आरोप आहे, आणि त्यामागे एकेकाळी कायदा उभा होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या नोंदी केल्या, त्यांना हजेरी लावली. हा कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला आणि या जमातींना 'विमुक्त' असे नवे नाव मिळाले. लक्ष्मण गायकवाड यांच्या कथनातून दिसते ते हे, की कागदावरचे नाव बदलले तरी फौजदाराच्या तोंडचे नाव बदलत नाही. ज्याला कोणी काम देत नाही तो चोरी करतो, आणि चोरी करतो म्हणून त्याला कोणी काम देत नाही. नावच पुरावा होऊन बसते. गायकवाडांनी ग्रंथाला 'विमुक्त' असे नाव दिले असते तर ते कायद्याला धरून झाले असते, पण वास्तवाला धरून झाले नसते. सूतगिरणीतील कामगार आणि पुढे संघटक झालेला निवेदक या नावाखाली उभा राहून दाखवतो, की चोरी हा स्वभाव नाही, ती भुकेची आणि कायद्याची संयुक्त निर्मिती आहे. १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या ग्रंथाला मिळाला. पोलिसांच्या वहीतला शब्द राष्ट्रीय सन्मानाच्या यादीत छापला गेला. एका शब्दाने केलेला हा प्रवास आहे, पण त्या शब्दाखाली पकडल्या गेलेल्या माणसांनी तो प्रवास केला काय, हा प्रश्न ग्रंथ बंद केल्यावरही उरतो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) नाव थेट जन्माला भिडते. तोळा बारा माशांचा. जे अकरा माशांचे ते खोटे, उणे. सोन्याच्या तराजूतले हे गणित माणसाला लावले जाते. बाप पाटील, आई महार, घरात आजीसोबत राहून या नातवावर माया करणारा एक मुसलमान. अशा निवेदकाला शाळेत बापाचे नाव काय लावायचे, येथपासून अडचण सुरू होते. इतर आत्मकथनांतील निवेदकाला निदान आपण महारवाड्याचे आहोत एवढे तरी ठाऊक असते. येथे तेही निश्चित नाही. सवर्णांनी त्याला आपला मानले नाही, आणि महारवाड्यातही तो उणाच ठरला. म्हणून 'अक्करमाशी'चा निवेदक जातीव्यवस्थेकडे तिच्या फटीतून पाहतो. दोन भिंती जिथे जुळत नाहीत, तिथे तो उभा आहे. जातीची शुद्धता किती ढोंगी आहे, हे त्याचे शरीरच सिद्ध करते, कारण शुद्धतेचे रक्षण करणाऱ्यानेच त्याला जन्म दिला आहे. मुलावर मारलेला शिक्का उलटून बापावर उमटतो.

ही चार शीर्षके एकत्र ठेवली तर स्वनामाचे चार प्रकार दिसतात. 'बलुतं' हा व्यवहार, 'उपरा' ही स्थिती, 'उचल्या' हा आरोप आणि 'अक्करमाशी' ही जन्मावरची उणीव. चारही नावे समाजाच्या शब्दकोशातून घेतलेली आहेत. चौघांपैकी कोणीही ती नाकारून नवे नाव घडवले नाही. त्यांनी केले ते एवढेच, की हे नाव आणि आपण यांच्यामधले अंतर मोजून दाखवले. या अंतरातच वाङ्मय जन्माला आले. दगडू आणि दया यांच्यात अंतर आहे, जमातीचा उपरा आणि एकटा उपरा यांच्यात आहे, वहीतला उचल्या आणि गिरणीतला कामगार यांच्यात आहे. नाव पूर्णपणे अंगाला चिकटले असते तर ते पुन्हा शिवीच राहिले असते. नाव पूर्णपणे झटकता आले असते तर लिहिण्याचे कारणच उरले नसते.

स्त्रियांच्या आत्मकथनांत मात्र हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. या शीर्षकात अपमानाचे नाव नाही, आणि एकवचनही नाही. 'आमुचं' हे सर्वनामच तिथे नाव म्हणून उभे आहे. महारवाड्यातील बाईला घरातही नाव नव्हते. ती कोणाची तरी सून, कोणाची तरी आई. जिला एकवचनच मिळाले नाही, ती अनेकवचनातून बोलते, आणि म्हणून तिला महारवाड्याच्या आतली पुरुषी सत्ताही दिसते. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) नावाचा प्रश्न अधिक टोकदार होतो. संस्कृतात उच्च पदवी मिळवूनही माहेरच्या आडनावाला जी नोकरी मिळत नाही, ती आंतरजातीय विवाहानंतर सासरच्या आडनावाला मिळते. विद्या तीच, पदवी तीच, व्यक्ती तीच. बदलले ते आडनाव. त्या यशाचा आनंद लेखिकेला निर्मळपणे घेता येत नाही, कारण सन्मान नेमका कोणाचा झाला हे तिला कळून चुकले आहे. बागुलांच्या निवेदकाने जात चोरली होती. येथे काहीही न चोरता नाव बदलले, तरी मनात चोरीची भावना शिल्लक राहते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'ने (२००३) आणखी एक पाऊल टाकले. आयदान म्हणजे बांबूचे विणकाम. कोकणातील घरात आईने पोटासाठी केलेले ते काम. शीर्षक येथे जातीचे किंवा अपमानाचे राहिले नाही, ते हाताच्या कौशल्याचे झाले. लेखिका आपल्या लेखनाची वीण आईच्या विणीशी जोडते, तेव्हा स्वनाम दुसऱ्याच्या तोंडातून नव्हे, आपल्याच आईच्या हातांतून येते.

हा विचार मराठीपुरता मर्यादित नाही. तमिळमध्ये बामा यांनी 'करुक्कु' (१९९२) असे नाव योजले. ताडाच्या पानाची दोन्ही बाजूंनी कापणारी करवती कड, असा त्याचा अर्थ. कन्नडमध्ये अरविंद मालगत्ती यांनी 'गव्हर्न्मेंट ब्राह्मण' (१९९४) हे उपरोधाचे नाव घेतले. सवलतींवरून मारलेला टोमणा त्यांनी मुखपृष्ठावर आणून बोथट केला. हिंदीत ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन'ने (१९९७) उष्ट्याला शीर्षक केले. भाषा वेगळ्या, परंपरा वेगळ्या, तरीही उंबरठ्यावरची अडखळण सारखीच. मराठीतील आरंभीच्या आत्मकथनांनी दाखवलेली ही शक्यता भारतीय साहित्यात किती खोल रुजली, याची ही साक्ष आहे.

तरीही स्वनामाचा एक धोका आहे, आणि तो समीक्षेने लपवू नये. अंगावर घेतलेले नाव काही काळाने पाटी होते. ग्रंथालयाचे कपाट, अभ्यासक्रमातील घटक, परिसंवादाचा विषय यांना पाटी लागते, आणि पाटीला अंतर मानवत नाही. तिला लेखक आणि नाव एकरूप हवे असतात. मग 'दलित' लेखकाने जखमच दाखवावी अशी अपेक्षा निर्माण होते. त्याने प्रेमावर, पावसावर, म्हातारपणावर लिहिले तर ते त्याचे खरे लेखन नव्हे असे मानले जाते. ज्या वाचकाने एकेकाळी या लेखनाला साहित्य मानायला नकार दिला, तोच आता त्याला एकाच प्रकारचे साहित्य मानू लागतो. कृपेने दिलेल्या 'हरिजन' नावासारखेच हे आहे. आदर आहे, पण जागा दुसऱ्याने ठरवलेली आहे.

या धोक्याची जाणीव दलित साहित्यविश्वात आरंभापासून होती. 'दलित' या शब्दातील भरडलेपण कायमचे का वागवायचे, असे विचारून राजा ढाले यांनी फुले-आंबेडकरी विचाराशी आणि बौद्ध ओळखीशी जोडलेल्या नावाचा आग्रह धरला. पुढे 'आंबेडकरवादी साहित्य' ही संज्ञा अनेकांनी स्वीकारली. 'दलित' म्हणणाऱ्याची दृष्टी आपल्यावर काय लादले गेले याकडे वळते, 'आंबेडकरवादी' म्हणणाऱ्याची दृष्टी आपण काय स्वीकारले याकडे. 'बहिष्कृत' आणि 'प्रबुद्ध' या दोन विशेषणांमधला जुना प्रवास येथे पुन्हा सुरू होतो. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना 'दलित' शब्द टाळून 'अनुसूचित जाती' असे म्हणावे अशी सूचना केली, तेव्हा अनेक लेखक-कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला. या दोन घटनांतील फरक महत्त्वाचा आहे. लेखकांनी आपसांत नाव बदलण्याविषयी वाद घालणे हा आत्मशोध आहे. तेच नाव बाहेरून पुसले जाणे हा पुन्हा नामकरणाचा अधिकार गमावणे आहे.

समीक्षेचे काम यांपैकी एका नावाच्या बाजूने कौल देण्याचे नाही. स्वनाम आणि व्यक्ती यांच्यातील अंतर लेखनात जिवंत आहे की नाही, हे पाहण्याचे आहे. जिथे ते जिवंत आहे, तिथे 'अक्करमाशी'सारखा शब्दही वाचकाला स्वतःच्या मापाविषयी विचारायला लावतो. आपले बारा मासे कोणी मोजले, आणि कोणत्या तराजूत? जिथे ते अंतर मिटले आहे, तिथे सर्वांत तेजस्वी नावही घोषणा होऊन राहते. पुढच्या पिढीतील ज्या लेखकाला पूर्वजांनी कष्टाने कमावलेले हे नाव आयते मिळते, त्याच्यासमोर अडचण अधिक कठीण आहे. त्याला ते टाकता येत नाही, कारण टाकणे म्हणजे पुन्हा जात चोरणे. त्याला ते जसेच्या तसे घालता येत नाही, कारण ते दुसऱ्याच्या अंगाच्या मापाचे आहे. 'बलुतं'च्या आरंभी दगडू आणि दया समोरासमोर बसले होते. त्या बैठकीतून उठून जाण्याची घाई ज्याने केली नाही, त्याच्याच हातून यापुढचे लेखन होईल.